रविवारचे आप्पा

आठवड्याचे सहा दिवस आप्पा स्वतःहून पाण्याचा तांब्यासुद्धा उचलत नसत, आणि रविवारी मात्र डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत कसरत करत. सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या आमच्या गल्लीत म्हणूनच त्यांना ‘रविवारचे आप्पा’ म्हणत. साडीच्या दुकानात गादीवर बसून माल दाखवायचा, ही त्यांची नोकरी. मी शेजारी राहायचो, कापडाच्या लूमवर कामाला होतो. रोज थोडं थोडं करतात ते आजारी लोक, असं ते मला ऐकवायचे.

एका गणपतीत आमच्या खानदेशी मंडळानं बैठकांची स्पर्धा ठेवली. निम्म्या वयाच्या पोरांना हरवून आप्पांनी नारळ जिंकला आणि दोघांच्या खांद्यांवर हात टाकून घरी आले. दुसऱ्या दिवशी मांड्या दगड झालेल्या, लघवी काळ्या चहासारखी. त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, रडतच त्यांना इस्पितळात नेलं. मूत्रपिंडं थोडक्यात वाचली.

गुजराती डॉक्टरांनी हिंदी-मराठी मिसळून समजावलं, “आप्पाभाई, मेहनत केली की शरीरात प्राणवायूच्या ठिणग्या उडतात. रोज थोडी मेहनत असेल तर शरीर त्या विझवायला शिकतं. तुम्ही सहा दिवस झोपता आणि सातव्या दिवशी होळी पेटवता.”

आप्पांनी यातल्या फक्त ठिणग्या ऐकल्या. व्यायामच सोडला, ठिणग्या विझवायला मेडिकलमधून व्हिटॅमिनच्या गोळ्या आणल्या आणि खाटेवर पडून राहिले. सायकलवरून जाणाऱ्याला थांबवून, “आतून जळशील,” असं बजावू लागले. नुसत्या गोळ्यांनी शरीर काही शिकत नाही, हे डॉक्टरांनी सांगून पाहिलं. आप्पांनी गोळ्या वाढवल्या.

शेवटी एका संध्याकाळी वहिनींनी गोळ्यांची बाटली कपाटात कोंडली आणि त्यांच्या हातात पिशवी दिली. “चला आते, भाजी लेवाले जाऊत.” मग भाजी आणायला दोघांनी चालत जाणं रोजचंच झालं. आधी कुरकुर, मग सवय, आणि काही महिन्यांत अभिमान. बोलता येईल इतपतच वेगानं चालावं, असा नवा उपदेश सुरू झाला. बोलण्याची बाजू आप्पांनी कधीच लंगडी पडू दिली नाही.

पुढे मुलाला जळगावला नोकरी लागली आणि दोघं सुरत सोडून निघाले. मी स्टेशनवर पोचवायला गेलो. आप्पा नळावर पाणी भरत असताना गाडी हलली. वहिनी दारातून हाका मारत होत्या, मी पळा म्हणत होतो. आप्पांनी चाल बदलली नाही.

“एकदम पळायचं नसतं,” ते म्हणाले.

गाडी वहिनींना घेऊन गेली. आप्पांनी शांतपणे हात हलवला आणि माझ्याकडे वळले, “उद्याच्या गाडीनं जाईन. आज तुझ्याकडे जेवतो. चालतच जाऊ.”

घरापर्यंत ते अखंड बोलत होते. मला हुंकार द्यायलाही दम उरला नव्हता.