लॉर्नचं तोंड, व्हर्नाचा गळा

व्हर्ना हर्टलने उभा जन्म माशांच्या कारखान्यात हॅडक कापण्यात घालवला. यंत्रांच्या घरघरीवरून पलीकडच्या टेबलाशी गप्पा मारायच्या म्हणजे आवाज लागतो, आणि तिचा आवाज म्हणजे धुक्यातल्या भोंग्याची धाकटी बहीण. कारखान्यातली नोकरी सुटल्यापासून ती दर ऑगस्टला थोरल्या भावाला, लॉर्नला, जुन्या व्हॅनमध्ये कोंबून नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याकिनाऱ्याने निघायची. तंबू ठोकायचा तिने, माशाचं दाट सूप, चावडर, ढवळायचं तिने, आणि “खुंटी वाकडी लागलीय गं,” हे सांगायचं लॉर्नने.

यंदा मात्र वाटेतलं एक ठिकाण तिने आधीच ठरवलं होतं. जुन्या रेल्वे स्टेशनात कंट्री संगीताचं संग्रहालय होतं आणि तिथे लॉर्नचा फोटो लागला होता. टोपी तिरकी, गिटार छातीशी, आ वासलेला. खाली पाटी: ‘लॉर्न हर्टल, यॉडलचा बादशहा.’

आता यॉडल म्हणजे आवाजाने तळातून टुणकन माडीवर उडी मारायची. लॉर्नचा आवाज दुसऱ्या पायरीवरच घसरायचा. तरुणपणी गावच्या हॉलमधल्या ज्या स्पर्धेत तो बादशहा ठरला, तिथे तो नुसता तोंड हलवत होता. गात होती ती पडद्यामागे उभी असलेली व्हर्ना, कारण पुरुषांच्या बँडला पोरगी चालत नव्हती. तेव्हा दोघं हसून हसून लोळली होती. पण गंमत भिंतीवर चढली आणि व्हर्नाचं हसू ओसरलं. त्या पाटीवर तिला आपलं नाव हवं होतं.

“आज तू सांगणार आहेस,” तिने गाडी थांबवत बजावलं.

“सांगेन की. वेळ बघून.”

“इतकी वर्षं वेळच बघतोयस. घड्याळाचं दुकान आहे का तुझं?”

दारात संग्रहालयाच्या झिंकबाई धावत आल्या. “अगंबाई, रोझ बे गावच्या हर्टलांचे ना तुम्ही? चेहऱ्यावरूनच ओळखलं! आता सुटका नाही हं, लॉर्नकाका. ज्याचा फोटो भिंतीवर, त्याने चौथऱ्यावर उभं राहून दोन ओळी गायच्या, ही इथली रीत आहे.”

“खँ... खँ... घसा जरा...” लॉर्न म्हणाला.

हा घसा व्हर्नाच्या चांगल्या ओळखीचा होता. कुणाच्याही स्वयंपाकघरात गाणी रंगली की तो हमखास बसायचा.

पण आलेल्या लोकांनी खुर्च्या ओढून टाळ्या सुरू केल्या होत्या. लॉर्नने बहिणीच्या कानाशी तोंड नेलं. “व्हर्ने, मागे पडदा आहे बघ. जा ना. एकदाच.”

व्हर्नाचं एक पाऊल सवयीने त्या बाजूला वळलंसुद्धा. मग ती थबकली.

“मी नाही मावत आता पडद्यामागे,” ती मोठ्याने म्हणाली आणि सरळ चौथऱ्यावर चढली. “गिटार घे. ती तरी तू खरी वाजवायचास.”

लॉर्नने मुकाट्याने तारा छेडल्या. व्हर्नाने दोन्ही हात कमरेवर ठेवले, कारखान्यात ठेवायची तसे, आणि सुरुवात केली. यो-लो-ले-ई... आवाज तळाशी घोळला, पायरीशी क्षणभर अडखळला आणि मग जो उडाला, तो थेट छताला! काचेची कपाटं थरथरली.

आणि लॉर्नचं तोंड आपोआप उघडलं. वरच्या सुराला मोठा आ, खालच्या सुराला ओठांचा चंबू. पाण्यातून ओढून टाकलेल्या कॉड माशासारखं, अगदी बिनचूक, बिनआवाजी.

झिंकबाईंनी त्या तोंडाकडे पाहिलं. मग व्हर्नाकडे. मग भिंतीवरच्या आ वासलेल्या फोटोकडे. “अय्या!” त्या खुर्चीत बसल्याच.

“तेव्हा घसा नव्हता बसला,” लॉर्न गिटारकडे बघत पुटपुटला. “घसा हिचाच होता.”

लोक इतके हसले की बाहेरचे आत आले. झिंकबाईंनी पाटी उतरवली, पेन शोधलं. “व्हर्नाबाई, तुमचं नाव वर घालते. पण मग यांचं काय लिहू?”

व्हर्नाने भावाकडे नीट पाहिलं.

“लिहा, गिटार: लॉर्न हर्टल,” ती म्हणाली. “आणि तोंडही त्याचंच. तेही लिहा.”