दादाचा पहिला पेला

तुमच्या शाळेत एक आलेख दाखवला, आणि हल्लीची मुलं त्यांच्या आईबापांपेक्षा कमी पितात असं त्यावरून सांगितलं, हे तुमच्या आईनं मला फोनवर कळवलं. धाकटीनं विचारलं आहे, ‘आजी, तुमच्या वेळी मुलं प्यायची का?’ फोनवर मी ‘छे’ म्हणून मोकळी झाले असते. लिहिताना तसं करता येत नाही.

प्यायची. पण आधी आणि नंतर असे दोन भाग आहेत, आणि दोन्हींच्या मध्ये तुमचा मामेआजोबा, म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा, उभा आहे. त्याचीच गोष्ट सांगते. आम्ही घरात आमच्या बोलीत बोलत असू. ती तुम्हाला कळायची नाही, म्हणून घरच्यांचं बोलणं शाळेतल्या मराठीत लिहिते आहे.

भुईगावात आमची केळीची आणि पानवेलींची वाडी होती. बांधावर ताड होते. सकाळी उतरवलेली ताजी ताडी गोड असे आणि आम्हा पोरांना ती वाटीवाटीनं मिळे. ऊन चढलं की ती आंबे आणि मग मोठ्यांची होई. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. त्याच्याही मागे गेलं तर कामावर जाताना तान्ह्या बाळाला अफूची बारीक कणी चाटवून निजवणाऱ्या बाया माझ्या आजीनं पाहिल्या होत्या. त्यांना कुणी वाईट आई म्हटलं नाही. आज तुम्ही म्हणाल, आणि तुमचं बरोबर असेल.

आमच्या घरात एक रीत होती. मुलाला मिसरूड फुटलं की त्या वर्षीच्या धुळवडीला, भर दुपारी ओट्यावर, सगळ्यांच्या देखत आजोबा त्याला आंबलेल्या ताडीचा पहिला पेला देत. पेला पितळेचा, अर्धाच भरलेला. मुलानं पहिला घोट ताडाच्या बुंध्याशी ओतायचा, उरलेला प्यायचा आणि वर लगेच भाकरी खायची. त्यानंतर त्याला प्यायची मुभा, पण उजेडी, जेवणाबरोबर, आणि घरचं मोठं माणूस शेजारी बसलेलं असेल तरच. माझे तिन्ही काका या रीतीतून गेले. त्यांतला एक तरीही पुढे दारूपायी वाया गेला, तेव्हा रीत म्हणजे हमी असं मी म्हणणार नाही.

दादाला मिसरूड फुटलं आणि त्याच सुमाराला राज्यात दारूबंदी आली.

आजोबांनी ताडांवरची मडकी उतरवून गोठ्यामागे पालथी घातली. परवाना घेऊन नीरा काढता येई, म्हणून एक ताड तेवढा ठेवला. त्याच्या मडक्याला आतून चुना लावत, म्हणजे रस आंबत नसे. धुळवड आली, आम्ही ओट्यावर जमलो आणि पितळी पेला फळीवरून खाली आलाच नाही.

दादानं विचारलं, “पेला कुठाय?”

“कायदा आहे,” आजोबा म्हणाले.

“तुम्ही तर कायदे मोडून तुरुंगात गेला होता!”

“तो परक्याचा होता. हा आपला आहे. आपलाच मोडायचा तर मग तुरुंगात गेलो कशाला?”

“तुम्ही सगळे प्यायलात. माझी पाळी आली आणि तुम्हाला कायदा आठवला!”

धाकटे काका म्हणाले, “अरे, सरकारनं काय तुझी मिशी बघून दारूबंदी केली काय?”

सगळे हसले. मीही हसले. दादा उठला आणि न जेवता वाडीतून बाहेर गेला.

त्याच्यासारखी आणखी मुलं गावात होती. ती खाडीकडच्या तिवरांत जमू लागली. तिवरं म्हणजे चिखलातली दाट झुडपं. तिथे एकानं हातभट्टी लावली होती. काळा गूळ आणि नवसागर घालून तो दारू गाळी, आणि आणखी काय काय घाली ते त्यालाच ठाऊक. ताडीशी तिचा काही संबंध नव्हता. दादा लवंग चघळत घरी येऊ लागला. मॅट्रिकचं वर्ष, पण पुस्तक उघडं टाकून तो आढ्याकडे बघत बसे. अशात शेजारच्या गावातला एक मुलगा असलंच काही पिऊन आंधळा झाल्याची बातमी आली. वय दादाचंच.

आई एरवी आजोबांसमोर बोलत नसे. त्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, “मामंजी, तुमचा कायदा राहील. माझ्या पोराचे डोळे गेले तर?”

 रविवारी दुपारी आजोबांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि भाजलेले सुके बोंबील फडक्यात बांधून मागितले. आजीनं मला पुढे केलं. “बाय, हात धरून जा त्यांचा. चिखलात पडतील.”

तिवरांत पोचलो तेव्हा पाच-सहा मुलं उकिडवी बसली होती. दादाच्या हातात टिनचा डबा होता. आजोबांना बघून एकाला ठसका लागला. आजोबांनी धोतर सावरलं, एका आडव्या खोडावर बसले आणि फडकं सोडलं.

“उजेड आहे. भाकरी आहे. मोठं माणूस आहे,” ते म्हणाले. “प्या.”

कुणी हललं नाही.

“तुम्ही?” भट्टीवाल्यानं चाचरत विचारलं.

“मला कायदा आहे. मी नुसता बसणार.”

एकाला आईनं बोलावल्याचं आठवलं, दुसऱ्याला गाय सोडायची होती. शेवटी दादा तेवढा उरला. त्यानं हट्टानं डबा तोंडाला लावला, सगळा प्यायला आणि भाकरीला हात न लावता निघून गेला. आजोबांनी भाकऱ्या पुन्हा फडक्यात बांधल्या आणि आम्ही घरी आलो. 

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्याही. आजोबा रागावत नसत, उपदेश करत नसत. केळीला खत कधी घालायचं असलं काहीबाही बोलत आणि भाकरी पुढे करत. मुलं कमी होत गेली. भट्टीवाला हात जोडून म्हणाला, “आजोबा, पोलीस परवडले. ते उठून जातात तरी. तुमी हितं पानी सोडून काय पीत नाय आनि उठत बी नाय. माझ्या धंद्याचं काय?”

“तूही जेव,” आजोबा म्हणाले, आणि तो खरंच जेवला.

मग एका रविवारी दादा एकटाच होता. त्यानं डबा भरून घेतला, बराच वेळ त्यात बघत राहिला आणि सगळा तिवराच्या मुळाशी ओतला. नंतर भाकरी उचलली.

आजोबा म्हणाले, “फक्त पहिला घोट ओतायचा असतो. सगळा नाही.”

“हा पहिला कुठे होता?” दादा म्हणाला.

“माहीत आहे. जेव.”

येताना आजोबांचा हात दादानं धरला. मी रिकामं फडकं घेऊन मागून चालले.

तुमच्या आलेखावर मी पुष्कळ विचार केला. किती मुलं पितात हे मोजता येतं, आणि मोजावं. कमी झाली असतील तर मला आनंदच आहे. दारूबंदीच्या आधी आमच्या गावात पिणारी मुलं कदाचित जास्तच निघाली असती, पण ती आमच्या डोळ्यांसमोर होती. नंतर थोडी राहिली, ती तिवरांत गेली. मुलं कुणाच्या शेजारी बसून पितात, यासाठी तुमच्या आलेखात रेघ आहे का, ते मला कळवा.

दादा मॅट्रिक झाला, दुसऱ्या खेपेला. पुढे तो कधीच प्यायला नाही असं नाही. लग्नाकार्यात, जेवणाच्या पंगतीला, कायदा परवानगी देई तेव्हा एखादा पेला घेई. पण आधी आजूबाजूला नजर टाकून घरचं कुणी मोठं बसलं आहे का ते बघे. आजोबा गेले, मग बाबा, मग काका. एका लग्नात भाच्यानं पेला पुढे केला तेव्हा दादानं सवयीनं सगळ्या पंगतीवर नजर फिरवली. सगळे त्याच्याहून लहान होते.

“नको,” तो म्हणाला. “शेजारी बसायला कुणी उरलं नाही.”

आणि भाच्याला म्हणाला, “तू घे. मी बसतो.”