सरांच्या शर्टाची सात बटणं

"मला इंग्रजीतला एकच शब्द येतो, बटण. पण त्याच्यावर वीस वर्षं निभावलंय," असं आमच्या थोरल्या जाऊबाई कुणालाही हसत सांगतात. तीन शिंप्यांच्या दुकानांतले कपडे काज-बटणाला त्यांच्याकडे येतात. खिडकीशी बुटकं टेबल, त्यावर बटणांचे डबे, आणि गळ्यात नाडीला अडकवलेली छोटी कात्री. शाळा सातवीपर्यंतच झाली. पण डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं तरी सांगतात, हे काज मशीनचं की हातचं.

घरातले खरे इंग्रजीवाले आमचे सासरे. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं म्हणून गल्लीला ते 'सर', आम्हाला 'बाबा'. आम्ही दोघी सुना त्यांच्या तोंडी थोरली आणि धाकटी. निवृत्त झाल्यावर वाचनालयात दर रविवारी सकाळी ते एक इंग्रजी शब्द घेऊन तासभर बोलायचे. रोजच्या वापरातला शब्द, तो कुठून आला, आधी त्याचा अर्थ काय होता. ऐकायला पंधरा-वीस माणसं. नर्सबाई, रिटायर झालेले बसड्रायव्हर, दुकान मुलावर टाकून आलेला किराणावाला. आठवडाभर बाबा त्या एका तासावर जगायचे.

मागच्या वर्षी आजारपणात त्यांचा उजवा हात लुळा पडला. खांद्यातून हलतो, बोटं मात्र ऐकत नाहीत. जेवण डाव्या हातानं जमलं, दाढीही जमली. अडलं ते शर्टाच्या बटणांपाशी. आणि पूर्ण बाह्यांचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट असल्याशिवाय बाबा उंबरठा ओलांडत नाहीत.

"मी लावून देते ना," जाऊबाई म्हणाल्या.

"सुनेकडून बटणं लावून घेऊ? मी काय बालवाडीत चाललोय?"

"मग मुलाला हाक मारा."

"त्याला मी बटणं लावायला शिकवली. आता उलट नको."

"मग टी-शर्ट घाला."

"मला कवायत शिकवायची नाहीये!"

तीन रविवार घसा बसल्याचा निरोप गेला. घरात मात्र घसा असा खणखणीत, की शेजारची मांजर पळून जायची. शेवटी वाचनालयाच्या बाईंनी कळवलं, या रविवारीही सरांना जमलं नाही तर ती वेळ वजन कमी करण्यावर बोलणाऱ्या एका गृहस्थांना देऊन टाकू. बाबांच्या समोरचा चहा गार झाला, मी गरम करून आणला, तोही गार झाला.

तरी शुक्रवारी त्यांनी मला वही घेऊन बसवलं. जायचं नाही तर टिपणं कशाला, हे विचारायची माझी छाती नव्हती. शब्द होता, बटण. जाऊबाईंच्या टेबलाकडे बघून सुचला असावा.

"लिही, धाकटी. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. तिथं त्याचा अर्थ कळी. फांदीतून बाहेर ढकलून येते ती. मुळात क्रियापद आहे ढकलणं, दाबणं, रेटणं. फ्रेंच लोक आजही कळीला, बटणाला आणि तोंडावरच्या मुरुमाला एकच शब्द वापरतात."

"अगं बाई, मुरुमाला काज कुठलं?" जाऊबाई खिडकीशी बसूनच म्हणाल्या.

"थोरली, मध्ये बोलू नकोस. लिही. बटण आधी नुसता दागिना होता. कपड्यावर शोभेला लावत. काजात अडकवायची रीत पुष्कळ शतकांनी आली."

जाऊबाईंची सुई थांबली. "म्हणजे काज नसतानाही ते बटणच होतं?"

"होतंच."

दुपारी बाबा झोपल्यावर जाऊबाईंनी त्यांचा पांढरा शर्ट काढला आणि सातही बटणं उसवली. स्वतःच्या हातची सात काजं शिवून बंद केली. ते बघून माझाच जीव हळहळला. मग बंद काजांवर वरून तीच बटणं शिवली आणि खालून टिच बटणं लावली, आपण लहान मुलींच्या झबल्याला लावतो ना, दाबलं की बसणारी. बाह्यांनाही तशीच.

रविवारी सकाळी देवापुढं दिवा लावताना मी एवढंच मागितलं, म्हाताऱ्याचा मान राहू दे आणि जाऊबाईंचं मनही.

बाबांनी शर्ट उलटा करून पाहिला. "ही फसवणूक आहे. वरून बटण, आतून दुसरंच."

"फसवणूक कसली? धाकटी, वाच गं वही."

मी वाचलं. आधी दागिना होता. काज नंतर आलं. मूळ अर्थ, दाबणं.

"ऐकलंत?" जाऊबाई म्हणाल्या. "वरची शोभेची, खालची दाबायची. तुमच्या हिशेबानं हीच जुनी आणि अस्सल. आजवर मी लावली तीच नवी!"

बाबा शर्ट अंगात चढवून डाव्या तळव्यानं छातीवर दाबू लागले. टच. टच. सात वेळा. उजवी बाही डाव्या हातानं बंद केली. डावी बाही टेबलाच्या कडेवर ठेवून वरून उजव्या कोपरानं दाबली. टच.

"दार उघडा," म्हणाले. "उशीर होतोय."

वाचनालयात आम्ही दोघी मागं बसलो. घसा बरा दिसतोय, असं कुणीतरी म्हणालंही. दाबण्याचा मुद्दा आला तेव्हा बाबांनी जोरात सांगितलं, "याचा पुरावा मी अंगावर घालून आलोय," आणि दाखवायला वरचं एक टिच बटण ओढलं. झटक्यानं साताच्या सात सुटली. आतलं बनियन दाखवत सर समोर उभे! नर्सबाई हसून लोटपोट, आणि सर्वांत मोठ्यानं हसले ते स्वतः सर. सगळ्यांसमोर एकेक करून त्यांनी ती परत लावली. घाई केली नाही.

"शिवणारी मागं बसलीय," ते म्हणाले. "काजाच्या बाबतीत तिला सगळं कळतं. काज कुठं नको, हेसुद्धा."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊबाईंच्या टेबलावर बाबांचे उरलेले पाच शर्ट घडी करून ठेवलेले होते. वर एक चिठ्ठी, डाव्या हातानं लिहिलेली, अक्षरं पहिलीतल्या मुलासारखी वाकडी: 'घाई नाही. पण निळा आधी. रविवारी लागेल.'