आपला कुठं पोचला?

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्याला सगळे 'फिनलंड' म्हणत. तो मूळचा डोंगराळ पेठ तालुक्यातला, एका कारखान्यात लेथ मशीनवर काम करणारा. दर रविवारी सकाळी कारखान्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर तो एकटाच भाला फेकत असे. भाला एकच होता. तो फेकायचा, पावलं मोजत जाऊन उपटायचा, परत येऊन पुन्हा फेकायचा. असं वीस वेळा. "फेकण्यात काय नाय, सायब," तो म्हणे. "जाऊन आणण्यात रविवार जातो."

भाला बांबूचा होता. त्याचं लोखंडी टोक त्याने जेवणाच्या सुट्टीत स्वतः लेथवर काढलं होतं. ते जमिनीत आधी रुतलं नाही, तर पाहणारं कोणी नसतानाही ती फेक तो मोजत नसे.

आश्रमशाळेत असताना गुरुजींनी त्याला एका मासिकातला फोटो दाखवला होता. फिनलंडचा एक तरुण भालाफेकपटू, साधारण त्याच्याच वयाचा. पुढे तो तरुण विजेता झाला आणि याच्या लेखी 'आपला' झाला. फिनलंडमध्ये भालाफेकीला आपल्याकडच्या कुस्तीसारखी गर्दी होते, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. "तिकडं माणसं थोडी, झाडं जास्त. आमच्या पेठसारखंच," तो सांगे. मग म्हणे, "पण तिकडं बघायला लोक येतात."

नव्वदच्या दशकात मी शहरातल्या एका दैनिकाच्या क्रीडा पानावर उपसंपादक होतो. भाला आटोपला की तो सायकलने आमच्या कार्यालयात येई. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "आपला कुठं पोचला?" मी जिल्हा स्पर्धेचे निकाल चाळू लागलो. "तिथं नाय सायब," तो म्हणाला, "युरोपात बघा." खुर्ची दिली तरी तो बसत नसे. एकदा छापायला जागा नव्हती म्हणून मी निकाल कागदावर लिहून दिला. त्याने तो नम्रपणे टेबलावर परत ठेवला. "लिवलेलं कोणीबी लिवतं. छापलेलं पक्कं."

छापलेलं तो कापून वहीत चिकटवत असे. त्या वहीत फिनलंडच्या माणसाची सगळी कारकीर्द होती: पहिलं पदक, खांद्याचं दुखणं, एक वाया गेलेलं वर्ष, मग पुन्हा विजेतेपद. याची स्वतःची कारकीर्द जिल्ह्यात एकदा पहिला येण्यावर थांबली होती. राज्य स्पर्धेच्या वेळी रजा मिळाली नाही. त्यानंतर पुन्हा संधी आली नाही. लग्न केलं नव्हतं, खोलीत एकटाच राहत असे. रविवार नसता तर त्याच्याकडे फारसं काही उरलं नसतं.

कारखान्यातले लोक चेष्टा करत. "काय फिनलंड, आज बर्फ पडला का?"

"पडला तर शेठ तुला सुट्टी देनार हाय का?"

"अन् किती दिवस फेकणार?"

"तो फेकतोय तवर. तो थांबला की मी बी थांबलो."

हे त्याने माझ्यासमोरही दोनदा सांगितलं होतं. ते माझ्या लक्षात राहायला हवं होतं.

एका संध्याकाळी वृत्तसंस्थेची चार ओळींची इंग्रजी बातमी आली. कोपर दुखावल्याने फिनलंडचा तो खेळाडू अंतिम फेरीतून 'रिटायर्ड' झाला होता. म्हणजे त्या दिवसापुरता मैदानाबाहेर गेला होता. पान छपाईला सोडायची घाई होती. मी मथळा दिला: 'फिनलंडचा भालाफेकपटू निवृत्त'. एका स्तंभात नेमका बसला.

पुढच्या रविवारी तो कार्यालयात आला नाही. त्यानंतरही आला नाही. पाळी बदलली असेल, असं मी धरून चाललो.

दोन वर्षांनी वृत्तसंस्थेच्या तारेवर फिनलंडच्या त्याच खेळाडूचं नाव पुन्हा दिसलं. एका स्पर्धेत तो दुसरा आला होता. मी जुना अंक काढला, मथळा वाचला आणि अंबड गाठलं. तो खोलीवर होता. भाला दारात आडवा बांधलेला होता आणि त्यावर कपडे वाळत होते. मी चूक सांगितली.

"म्हंजे तो फेकतोय अजून?"

"हो."

"छापून आलंय?"

"अजून नाही."

"मग छापा. मग बघू."

दोन वर्षांपूर्वीच्या भालाफेकीची दुरुस्ती कोणाला हवी आहे, असं वरिष्ठांनी विचारलं. मी नाव सांगितलं नाही. पानाच्या तळाशी तीन ओळी गेल्या.

त्या रविवारी मी प्लॉटवर गेलो. तो आधीच आलेला होता. भाल्यावर दोरीचे वळ होते. त्याने धाव घेतली, फेकला. टोक आधी रुतलं. पूर्वीच्या अंतराच्या बरंच अलीकडे.

"दोन वरसं गेली, सायब," तो खांदा चोळत म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती.

मी भाला आणायला निघालो.

"तुमी थांबा," तो म्हणाला. "ते माझंच काम हाय."

आणि पावलं मोजत तो एकटाच पुढे गेला.