परळच्या वाटीबाई

वाटीबाईंनी माझा पहिला अपमान केला तो मी खुर्चीत टेकायच्या आधी. परळच्या एका धर्मादाय दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर त्या आहारतज्ज्ञ म्हणून बसत. पहिल्या भेटीला येताना घरची वाटी आणायची, असा त्यांचा नियम होता. घरोघरच्या वाट्या वेगळ्या आणि प्रत्येकाला आपलीच वाटी खरी वाटते, म्हणून. मी पिशवीतून आमची वाटी काढली. चष्म्यावरून तिच्याकडे बघत त्या म्हणाल्या, ‘‘ही वाटी? हिच्यात आमच्याकडे चौघांचं वरण होतं.’’ बाहेर बाकावरचे पेशंट खुसखुसले. आत आल्यावर त्यांच्यापुढे काय वाढून ठेवलंय, ते त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

मी लालबागला चाळीत राहते आणि ब्लाउज शिवते. सुईत दोरा जाईना म्हणून डोळे दाखवायला गेले, तर डॉक्टर म्हणाले, दोन्हीकडे मोतीबिंदू आहे आणि साखर तीनशेच्या वर. ती उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही. म्हणजे माझे डोळे आणि माझी मशीन, दोन्ही या खवट बाईच्या हातात. मला त्यांचा पहिल्या दिवशीच राग आला आणि तो मी पुढे वर्षभर नीट जपला.

कौतुक म्हणून त्यांच्या तोंडून कधी निघायचं नाही. लोअर परळच्या टॉवरमधली एक बाई परदेशी दाण्यांचं महागडं पाकीट घेऊन आली होती. तिला म्हणाल्या, ‘‘किंमत बघून साखर घाबरत नाही हो.’’ माझी नणंद मोबाइलवर रोज एक उपाय पाठवायची. मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पूड, कारल्याचा रस. मी मोठ्या हौसेने सांगितलं, मी रोज कारल्याचा रस पिते. ‘‘आणि तो प्यायला म्हणून एक चपाती जास्त खाता. मग त्या कारल्याला कशाला छळता? मी शिकून, परीक्षा देऊन, रजिस्टर्ड होऊन इथे बसलेय. तुमच्या नणंदेनं काय केलंय? फॉरवर्ड.’’ नणंदेबद्दल असं कोणीतरी बोलावं अशी माझी फार दिवसांची इच्छा होती, म्हणून तेवढ्यापुरत्या मला त्या आवडल्या.

पंधरा दिवस खाल्लेलं सगळं वहीत लिहायला सांगितलं होतं. मी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी आमटी, मूठभर भात. वाटीसुद्धा नवीन, लहान. तरी साखर जागची हलली नव्हती. बाईंनी वही वाचली, रिपोर्ट वाचला आणि वही माझ्याकडे सरकवली. ‘‘या वहीतली बाई ठणठणीत आहे. तिला घरी जाऊ दे. आजारी आहे तिला पाठवा.’’

मी देवाची शपथ घेतली. देवाला मध्ये आणू नका म्हणाल्या आणि भलतंच विचारलं. ‘‘रात्री भांडी कोण आवरतं?’’

‘‘मीच.’’

‘‘टोपात उरलेल्या भाताचं काय होतं?’’

‘‘संपवते.’’

‘‘मुलानं अर्धी चपाती ताटात टाकली तर?’’

‘‘तीही संपवते. टाकायची कशी?’’

‘‘मग हे वहीत का नाही?’’

मला प्रश्नच कळेना. ‘‘अहो मॅडम, ते जेवण कुठे? ते नुसतं संपवणं.’’

त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘‘घरात कचऱ्याचे डबे किती?’’

‘‘एक.’’

‘‘दोन. एक ओट्याखाली, दुसरा माझ्यासमोर बसलाय.’’

मी उठून चालती झाले. जिना उतरताना त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुन्हा या बाईचं तोंड बघायचं नाही, असं ठरवूनच घरी आले.

त्या रात्री सगळे जेवून उठल्यावर मी सवयीने टोप ओढला आणि माझा हात थांबला. नवी वाटी काढली आणि एकेक मोजून परातीत ओतत गेले. भात तीन वाट्या. माशाचं सार दीड वाटी. मुलाची अर्धी चपाती, यांची पाऊण, सासूबाईंनी कुस्करून सोडलेला दूधभात. माझ्या जेवणाहून माझं संपवणं जास्त होतं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. रोज चौघांच्या भुकेचा अंदाज चुकायचा आणि त्याची भरपाई माझ्या पोटात व्हायची. अन्न टाकू नये हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. ते फक्त बायकांनाच का शिकवलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. आधी त्या सगळ्यांचा संताप आला आणि मग माझा स्वतःचा.

दुसऱ्या सोमवारी मी वाटीबाईंसमोर मुकाट जाऊन बसले. त्यांनी खाण्यातलं काहीच तोडलं नाही. म्हणाल्या, ‘‘सगळ्यांबरोबर बसायचं, आपलं ताट आधी वाढून घ्यायचं. उरलं तर तुमच्या तोंडात जायचं नाही. आणि पुढच्या खेपेला मिस्टरांना आणा.’’ सासूबाई मालवणच्या. मला पुरुषांच्या पंगतीत बघून म्हणाल्या, ‘‘काय गो, आता बापयांच्या पंगतीक बसतलंस?’’ मी भाकरीचा तुकडा मोडला आणि हो म्हटलं.

मिस्टर आले ते घड्याळ बघतच. बाईंनी त्यांना बसा म्हटलं नाही. ‘‘तुम्ही ताटात टाकता ना, ते यांच्या डोळ्यांत जातं. दिसणं बंद झालं की मग शर्टाची बटणं तुम्ही लावा.’’ चिंचपोकळी आल्यावर हे म्हणाले, ‘‘आगाऊ बाई आहे.’’ त्या रात्री मात्र ताट असं पुसून उठले, की मला घासायला काही राहिलं नाही.

साखर उतरायला सात महिने लागले. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सुईचं नेढं दिसलं त्या दिवशी मी मशीनवर डोकं टेकून रडले आणि दुसऱ्या दिवशी वाटीबाईंना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, ‘‘डावा राहिलाय. नाचू नका.’’ मग कागदांवर सही करताना, मान वर न करता, ‘‘महिनाअखेरीस मी रिटायर होतेय. सुटलात.’’ मी त्यांच्यासाठी स्वतःच्या हाताने ब्लाउज शिवून नेला होता. त्यांनी काखेची शिवण उलटून पाहिली, पिशवीत टाकला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आता तिथे एक नवी मुलगी बसते. लॅपटॉप आहे, खुर्च्या मऊ आहेत, वाटी कोणी मागत नाही. मी गेले तेव्हा गणपती नुकतेच झाले होते. घरचे मोदक, चाळीतल्या पाच बिऱ्हाडांच्या करंज्या, विसर्जनाच्या दिवशीचा शिरा, सगळं मी खाल्लं होतं आणि वहीत त्यातलं काही नव्हतं. तिने पानं उलटली. ‘‘वॉव मॅम, गणपतीतसुद्धा इतका कंट्रोल? सुपर!’’ मी वाट बघत राहिले. आता विचारेल, मग विचारेल. शेवटी मीच म्हटलं, ‘‘मी मोदक लिहिले नाहीत.’’

‘‘इट्स ओके मॅम. सण आहे. तुम्ही खूप छान करताय.’’

मी आभार मानले आणि बाहेर आले. डाव्या डोळ्याची तारीख अजून मिळायची होती. इतक्या गोड मुलीच्या हाती आता तो डोळा आहे, या विचाराने मला त्या जिन्यात घाम फुटला. कठडा धरून मी तिथेच उभी राहिले आणि त्या खवट बाईची आठवण येऊन मला हुंदका आला.