मशीनला वाहिलेलं कुंकू

हे आजवर मी तोंडातून बाहेर काढलेलं नाही. घरी सांगितलं नाही, कारण त्यांना यातलं निम्मंच कळलं असतं. मित्रांना सांगितलं नाही, कारण त्यांना सगळंच कळलं असतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये. दोन कागद आधीच फाडून झालेत.

कुठून सुरू करू? मशीनपासून करतो. मशीनबद्दल बोलताना माझी जीभ अडखळत नाही.

आमचं गाव कागलच्या पुढे. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. रोज एसटीच्या पासवर कोल्हापूरला यायचं, सकाळी बीए, दुपारी राजारामपुरीत ॲनिमेशनचा कोर्स. तेव्हा तो कोर्स नवीनच निघाला होता आणि त्याचं नेमकं काय होणार, हे शिकवणाऱ्यांनाही फारसं माहीत नसावं. वर्गातले दोन कॉम्प्युटर बाराजणांत. माझ्या वाट्याला आठवड्यातून तीन तास यायचे. सेकंदाला बारा चित्रं काढायची आणि हातात तीन तास — काय होणार त्यात?

सुभाष माझ्या शेजारी बसायचा. हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढे सांगायचं टाळीन : तो माझ्यापेक्षा चांगला होता. थोडा नाही, बराच. मी माणूस चालवला की तो लाकडी बाहुल्यासारखा चालायचा. सुभाषनं चालवलेल्या माणसाकडं बघून कळायचं, की याची चप्पल चावते आहे.

त्याचे वडील पेंटर. दुकानांचे बोर्ड, नंबरप्लेटा, ट्रकच्या पाठीवरची अक्षरं. सगळे त्यांना तात्या म्हणायचे, मीही म्हणायचो. गंगावेशीजवळ त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, बाहेरच्या खोलीत रंगाचे डबे आणि आत संसार. तात्या पट्टी न लावता सरळ रेघ मारायचे. श्वास आत घ्यायचे, रेघ संपली की सोडायचे. मी सुट्टीत तीन महिने एका दुकानात कॉम्प्युटर जोडायचं काम शिकलो होतो, म्हणून ते मला ‘इंजिनेर’ म्हणत. दारात दिसलो की आत हाक जायची, “च्या टाका, इंजिनेर आल्यात.” थट्टा असायची त्यात. पण सगळी थट्टाच नव्हती.

सुभाषनं आणि मी ठरवलं, की दोन मशीन एकदम जोडायची. तयार कंपनीचा कॉम्प्युटर आमच्या कुवतीबाहेरचा होता. सुटे भाग जोडी-जोडीनं घेतले तर दुकानदार कमी करतो. काय घ्यायचं आणि काय सोडायचं, याची यादी मीच केली. मॉनिटर जुना चालेल, पण मोठा हवा. स्पीकर नकोत. सीडी रायटर पुढच्या वर्षी. पण रॅम मात्र जास्त हवी. रॅम म्हणजे बोटभर लांबीची पट्टी. मशीन ज्या चित्रावर काम करत असतं ते तेवढ्यापुरतं तिच्यात धरून ठेवतं. ॲनिमेशनमध्ये चित्रं शेकड्यांनी, म्हणून पट्टी मोठी हवी. नवी परवडेना, म्हणून आम्ही वापरलेल्या दोन घेतल्या. एक त्याला, एक मला.

वापरलेल्या मालाला तिथं ‘चेकिंग वॉरंटी’ असते. म्हणजे दुकानातच लावून, चालवून बघायचं. उंबरा ओलांडला की दुकानदाराचा संबंध संपला. पट्टी नीट तपासायची तर तासभर जातो. सुभाष बाकीचे भाग पिशवीत भरत होता. तपासायचं काम माझं होतं. दुकानात गर्दी होती, माझी एसटी साडेपाचची होती. मी दोन्ही पट्ट्या एकेकदा लावल्या, स्क्रीन उजळला, आणि म्हणालो — बघितल्या, ठीक आहेत.

हे पहिलं खोटं. पण हे सांगण्यासाठी मी लिहायला बसलेलो नाही. एवढ्यावर थांबलो असतो तर हा नुसता आळस होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. घरी मी माझं मशीन जोडलं आणि मग सावकाश पट्टी तपासायला लावली. अर्ध्या तासानं स्क्रीनवर लाल ओळी यायला लागल्या. पट्टी खराब होती. पूर्ण नाही, शेवटचा थोडा भाग. लहानसहान काम केलं तर कळणारही नाही. मोठी फाइल उघडली, आणि ती त्या भागापर्यंत पोचली, की मशीन अडकणार किंवा चित्रांचा चुराडा करणार.

वाईट पट्टी माझ्या वाट्याला आली होती. कुणी मुद्दाम दिली नव्हती, दोन्हींतली ती आपोआप माझ्याकडे आली होती. हे तुम्ही लक्षात ठेवा.

सोमवारी मी ती कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात घातली आणि सुभाषकडे गेलो. त्याचं मशीन जोडायचं होतं. बसमध्ये बसून मी काय ठरवलं होतं? त्याला खरं सांगायचं, असं ठरवलं होतं का? मला तसं आठवायला आवडेल. पण मग मी पट्टी उघड पिशवीतून न नेता खिशातून का नेली?

तात्या बाहेर शिडीवर होते, त्यांनी सुभाषला शिडी धरायला हाक मारली. तो गेला. मी खिशातली पट्टी काढली, त्याच्या मशीनमध्ये बसवली. त्याची खिशात घातली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् करून लागल्या. अर्धं मिनिटही गेलं नसेल. सुभाष हात पुसत आत आला आणि म्हणाला, “झालं पण?”

का केलं? दुकानात तपासलं नव्हतं हे सांगायची लाज वाटली — हे एक. इंजिनेर म्हणणारे तात्या पुन्हा तसं म्हणाले नसते. पण तेवढंच असतं तर मी खराब पट्टी स्वतःकडेच ठेवून गप्प बसलो असतो. त्याची चित्रं माझ्यापेक्षा चांगली होती, हे त्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनात होतं का? नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

पुढचे दोन महिने त्याचं मशीन मधूनमधून अडकत राहिलं. तो मला विचारायचा. मी म्हणायचो, तूच काहीतरी दाबलंस. विंडोज परत टाकून द्यायचो. तो बिचारा — नाही, बिचारा म्हणायचा मला काय अधिकार? — तो एका वहीत लिहून ठेवायला लागला, की आज काय काय दाबलं. त्याला वाटायचं, आपल्यालाच हे जमत नाही.

तरीही तो काम करत होता. दिवाळीनंतर पुण्याच्या एका स्टुडिओची माणसं येणार होती, आमच्या वर्गातून दोघांना घेणार होती. प्रत्येकानं एक मिनिटाची फिल्म द्यायची. सुभाषची म्हैस होती. मिरवणुकीसाठी शिंगं रंगवलेली, गळ्यात माळ घातलेली म्हैस डबक्यात बसते आणि उठतच नाही, मालक हात जोडतो, शेपूट ओढतो, शेवटी तोही डबक्यात जाऊन बसतो. कागदावर काढलेली सातशेच्या वर चित्रं. त्यानं ती सगळी मशीनमध्ये घेतली आणि रंगवत बसला. वर्गातली पोरं ती म्हैस बघून हसून लोळली. मीही हसलो. मला ती फार आवडली होती.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी प्रत्येकजण आपापल्या हत्यारांची पूजा करतो, हे तुम्हाला माहीत आहे. तात्यांनी ब्रश धुऊन पाटावर मांडले होते. मी तिथंच होतो. उकाडा होता, म्हणून सुभाषच्या मशीनची एक बाजू उघडी ठेवून समोर टेबलफॅन लावलेला. तसं ठेवायचा सल्ला माझाच. तात्यांनी ब्रशांना हळद-कुंकू वाहिलं, मग तबक घेऊन मशीनपाशी आले.

सुभाष म्हणाला, “तात्या, त्याला नको.”

“का नको? हत्यार हाय की न्हाय?”

“हाय.”

“मग? माझ्या ब्रशानं काय पाप केलंय, का ह्यानं लई पुण्य केलंय?”

त्यांनी चिमटीनं हळद वाहिली, कुंकू वाहिलं, चार अक्षता टाकल्या. डोळे मिटून उभे राहिले. पंखा चालू होता. थोडं कुंकू आत उडालं.

आठ दिवसांनी म्हैस गेली. सगळी चित्रं एकत्र करून फिल्म बनवायला लावली आणि मशीन मध्येच अडकलं. परत चालू केलं तर फाइल उघडेना. उघडली तेव्हा नुसत्या रंगाच्या आडव्या पट्ट्या. दुसरी प्रत नव्हती. सीडी रायटर मीच यादीतून काढला होता.

त्यांनी मला बोलावलं. मी मशीन उघडलं. सुभाष भिंतीला टेकून बसला होता. आत मदरबोर्डवर कुंकवाचा बारीक थर होता. रॅमच्या खिट्टीपाशी एक अक्षत अडकली होती.

तात्या माझ्यामागून वाकून बघत होते. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग हळू आवाजात विचारलं, “माझ्या कुकवानं झालं काय रं हे?”

यावेळी इंजिनेर म्हणाले नाहीत.

मी काय म्हणालो असतो? ‘नाही तात्या’ एवढंच म्हणायचं होतं. खरं कारण सांगायचीही गरज नव्हती. ‘माहीत नाही’ म्हणालो असतो तरी चाललं असतं. त्यांनीच मला वाट काढून दिली होती, आणि ती किती सोयीची होती.

मी म्हणालो, “व्हय.”

हेच ते. एवढ्यासाठी एवढं लिहिलं.

तात्या बाहेर गेले आणि त्यांचा सगळ्यात बारीक ब्रश घेऊन आले, खारीच्या केसांचा. म्हणाले, सरक. मशीनसमोर मांडी घालून बसले आणि एकेक फट झाडायला लागले. श्वास धरायचे, झाडायचे, सोडायचे. अक्षत चिमट्यानं उचलली. मी बॅटरी धरली होती. मधेच ते म्हणाले, “पोराच्या म्हशीला मीच मारली की रं.” सुभाष म्हणाला, असूदे तात्या. मी बॅटरी धरून उभा राहिलो.

दोन दिवसांनी मी चांगली पट्टी आणली आणि मशीन तपासतो असं सांगून गुपचूप बदलली. त्यानंतर ते मशीन एकदाही अडकलं नाही. झालं काय, की त्यामुळं तात्यांची खात्रीच पटली. कुंकू काढलं आणि मशीन सुधारलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. जेवायला बसवलं. मी जेवलो.

सगळं पुन्हा रंगवायला वेळ उरला नव्हता, म्हणून सुभाषनं स्टुडिओच्या माणसांपुढे कागदावरची चित्रं ठेवली. त्यांनी चाळली, हसले, म्हणाले हात फार छान आहे, पण आम्हाला कॉम्प्युटरवरचं काम बघायचंय. मला घेतलं. पुण्याहून मी पहिला पगार घरी पाठवला तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले.

सुभाष पुढे फ्लेक्सच्या दुकानात लागला, आता त्याचं स्वतःचं आहे. वाढदिवसाचे फ्लेक्स करतो. तात्यांचे बोर्ड त्याच सुमारास थांबले. ते मागच्या वर्षी गेले. मी माती सावडायला गेलो होतो. नंतर सुभाष मला दुकान दाखवायला घेऊन गेला.

त्याच्या कॉम्प्युटरच्या वर भिंतीला एक लहान बोर्ड आहे. पत्र्याचा, निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं, लाल सावली, कडेनं नाजूक वेल. तात्यांच्या हातचा. त्यांनी शेवटी शेवटी रंगवलेल्यांतला. त्यावर लिहिलंय : ‘मशीनला हळद-कुंकू वाहू नये.’

गिऱ्हाइकं तो वाचून हसतात, असं सुभाषनं सांगितलं. मग तो त्यांना गोष्ट सांगतो, तात्यांच्या कुंकवाची आणि म्हशीची. तिथं बसलेल्या एका पावण्याला त्यानं माझ्यासमोर सांगितली. छान सांगतो. तात्यांचा आवाज काढून. शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाला, “आणि हा आमचा इंजिनेर. ह्यानंच शोधून काढलं.”

पावणा हसला. सुभाष हसला. मी पण हसलो.