कलाबाईची कंबर

केशोरीच्या भाताच्या बांध्यांमध्ये कलाबाईची कंबर नावाजलेली होती. रोवणीला बायांची ओळ वाकली, की जी आधी ताठ होईल तिला बाकीच्या ‘आली पाटलीन!’ म्हणून हसायच्या. कलाबाईवर ती वेळ कधी आली नाही. हातात पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची पेंडी, तोंडात गाणं आणि बांधीच्या कडेचा धुरा लागेपर्यंत कंबर खाली.

त्याच कंबरेत काही वर्षांपासून कळा येत होत्या. तिनं कोणाला सांगितलं नाही. मेडिकलातल्या गोळ्या चहाबरोबर गिळल्या. पोटात आग पडू लागली तेव्हा त्याही सोडल्या. सासू खाटेवरून उठताना आधी भिंत धरते, एवढ्यावरून सून रचनानं ओळखलं.

यंदाही नवऱ्यानं, देवाजीनं, तिला न विचारता रोवणीचा ठेका घेतला होता. ओळीच्या पुढे कलाबाई, हे धरूनच. पऱ्हे रोवणीला आले होते. अर्जुनी मोरगावात बाजाराच्या दिवशी गोंदियाच्या एक मॅडम सुया टोचून जुनी दुखणी बघतात, असं रचनानं ऐकलं आणि सासूला घेऊन जायचं म्हणाली.

“सुया टोचून बरं होते तं मी बाभळीतच झोपलो असतो,” देवाजी म्हणाला. मग सुनेकडे न बघता बोलला, “काई झालं तं तू जानो.”

तो बाजारात गेला आणि या दोघी दवाखान्यात.

कलाबाई तिथल्या खाटेवर पालथी झोपली. नीतू मॅडमनी कंबरेत केसासारख्या बारीक सुया घातल्या आणि त्यांना तारेचे चिमटे लावून यंत्र सुरू केलं.

“अम्मा, झनझन हुआ तो तुरंत बोलना. तुम्ही सांगाल तिथंच मी थांबणार.” त्यांनी करंटचा खटका किंचित फिरवला. “लगा कुछ?”

“काई नाई.”

पुन्हा फिरवला. “अब?”

“काई नाई.”

पडद्यापलीकडे गुडघ्यात सुया घेऊन गावातलीच यशोदाबाई बसली होती, रोवणीच्या त्याच ओळीतली. ती हसली. “मॅडम, फिरवा आनखी! आमची कलाबाई कायले बोलते? लोखंड हाय ते.”

खटका आणखी फिरला. मॅडमचे डोळे यंत्रावर होते, रचनाचे सासूच्या तोंडावर. कलाबाईनं पदराचा बोळा दातांत धरला होता. कानामागून घामाची धार उतरत होती. चादरीखाली पोटरी उडत होती.

बोलावं, तर यशोदाबाईसमोर सासूचं नाक कापल्यासारखं होणार. गप्प बसावं, तर ‘तू जानो’.

“अभी भी नहीं?” मॅडमचा हात पुन्हा खटक्याकडे गेला.

“बंद करा!” रचना ओरडली. “दुखून राहिलं त्याईले!”

यंत्र बंद झालं. मॅडमनी भराभर सुया काढल्या. कलाबाई धडपडत उठून बसली.

“तुले कोनं पुसलं वं? मी बोलली का काई?”

“तेच तर!” मॅडम कडाडल्या. “बोलली नाहीस. अम्मा, दर्द मुझे दिखता नहीं है. तू सांगशील तेवढंच मला कळणार. चुकीचं सांगून तुला इजा झाली असती तर? घरी जा. झूठ बोलनेवाले को मैं सुई नहीं लगाती.”

त्यांनी ट्रे उचलला. रचनानं खाली वाकून सासूच्या चपला पुढे सरकवल्या. कलाबाईनं एक पाय चपलेत घातला आणि ती तशीच बसून राहिली. पडद्यापलीकडे आता हसू नव्हतं. कान मात्र होते.

“इथून,” ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. “इथून मांडीच्या मागून पोटरीत जाते. हगाले बसली तं उठता येत नाई मले. हात टेकून सरकत सरकत उठा लागते.”

रचनानं मान खाली घातली. एका घरात राहून तिला यातलं भिंत धरण्यापलीकडे काही माहीत नव्हतं.

मॅडमनी ट्रे खाली ठेवला. थोडा वेळ पडून राहायला लावलं आणि मग पुन्हा सुया घातल्या. या वेळी खटका जरासा फिरला तोच कलाबाई म्हणाली, “बस! बस कर बाई!”

निघताना पाय थोडा हलका वाटत होता, दुखणं होतंच. मॅडमनी बजावलं, बरेचदा यावं लागेल, हाडाच्या डॉक्टरलाही दाखवा, आणि यंदा रोवणी नाही.

बस स्टँडवर देवाजी भाजीची पिशवी घेऊन उभा होता. त्यानं सुनेलाच विचारलं, “झालं? वाकता येते नं आता?”

रचनानं सासूकडे पाहिलं.

“मी नाई वाकत यंदा,” कलाबाई म्हणाली. “दुखते मले.”

“आजवर तं नाई दुखलं.”

“दुखत होतं.”

देवाजीनं तिच्याकडे पाहिलं, मग बायकांनी भरलेल्या शेडकडे. खिशातून मोबाइल काढून त्यानं बांधीवाल्याला लावला. “हो भाऊ… नाई, दुसरी बाई पाहा लागते ओळीच्या पुढं… तिले जरा ताप आला.”

“ताप कोनाले आला?” कलाबाईचा आवाज शेडभर गेला. “कंबर दुखते मनून सांगा.”

देवाजीनं मोबाइलवर हात ठेवला. “लोक आयकून राहिले नं!”

“आयकू द्या,” ती म्हणाली आणि रचनाच्या खांद्यावर भार टाकून हळूहळू बाकावर बसली.